कोठीतला आवाज

१० जून, मंगळवार

मॅडम म्हणल्या, उज्वलाताई, आजपासून रोज लिहून ठेवायचं. कोणाचा फोन आला, काय बोलला, शिव्या दिल्या का, दारात कोण आलं. कोर्टात उपयोगी पडतं. मी म्हणलं, मॅडम, आजवर मी वाण्याच्या यादीपलीकडं काही लिहिलं न्हाई. तर म्हणल्या, तसंच लिहा, यादीसारखं.

तर ही वही. आधी माझं सांगते म्हणजे वाचणाऱ्याला कळंल. मी उज्वला. माहेर मुदखेड, सासर लातूर. क्लासच्या पोरींची मेस चालवते. मालक गेले तवा माझी दिपाली चौथीत होती, तवापासून हेच. पोळ्या लाटायला गौरम्मा हाय, उदगीरच्या पलीकडची, अर्धी कानडी बोलती. मेस जोरात होती तवा मी मोठी शेगडी, फ्रीज, वरचा हॉल, सगळं कर्जानं केलं. मग दिपालीचं दुखणं निघालं. नांदेडच्या दवाखान्यात पलंगाशी बसून जो देईल त्याच्याकडून घेतलं. बँक, बायांचा गट, गल्लीतला सावकार, मोबाईलवरचे ॲप. पोरगी काही राहिली न्हाई. त्यातच क्लासवाल्यांनी हॉस्टेलातच जेवण चालू केलं आन् माझ्या निम्म्या पोरी तिकडं गेल्या.

पंचशीला मॅडम सरकारी मदतीतल्या वकील हायत. बाईमाणसाला वकील फुकट भेटतो हे मला कुठं ठाऊक होतं! एका पोरीच्या आईनं सांगितलं म्हणून गेले. मॅडम माझ्यासाठी नादारीचा अर्ज करून राहिल्या. म्हणजे कोर्टानंच म्हणायचं, ह्या बाईकडं द्यायला आता काही न्हाई, हिला छळू नका, जे वाटून घ्यायचं ते आमच्यापुढं वाटून घ्या. मी विचारलं, भांडी नेतील का? म्हणल्या, स्वयंपाकाची भांडी कोर्ट नेऊ देत नाही. मी म्हणलं, मॅडम, माझ्या पातेल्यात तुम्ही बसून आंघोळ कराल एवढं मोठं हाय ते, कोर्ट त्याला घरचं म्हणंल का? लई हसल्या.

मग हसू थांबवून म्हणल्या, ‘ते मी बघते. मेस वाचवू आपण. तुम्ही फक्त एक करा. एकही धनको लपवायचा नाही.’ धनको म्हणजे ज्याचं आपण देणं लागतो तो. ‘एक जरी लपवला आणि कोर्टाला कळलं, तर अर्ज फेटाळतील. मग मेस गेली समजा.’

मी म्हणलं, लपवायला मी काय चोर हाय का?

१२ जून

सकाळी गटाची बाई येऊन दारात बसली. चहा प्याली, दुसरा बी प्याली, मग म्हणली हप्ता दिल्याबिगर उठणार न्हाई. म्हणलं, बस की, तोवर कांदे चिर. चिरले बिचारीनं, बारीक चिरले.

मग एका पोराचा फोन. ‘ए बाई, पैसे खायला गोड लागले का?’ म्हणलं, गोड कुठं रे, तुझ्यासारखेच खारट होते. त्यानं आईवरून शिवी दिली. लिहून ठिवली, मॅडमच्या वहीत शोभायची न्हाई पण लिहिली. त्याची आई कधी मेसला जेवाया आली तर तिला काय वाढायचं ते मी ठरवून ठिवलंय.

१७ जून

दुपारी एक फोन आला. पोरगी होती. चांगलं बोलली, शिव्या न्हाईत. मी काही बोलले न्हाई.

आज जास्त लिहवत न्हाई.

१९ जून, गुरुवार

परवाचं लिहिते. न लिहून करू काय.

दुपारची पंगत उठली होती. भांडी घासून पालथी घातली होती. ह्या वेळेला मेसमधी चिटपाखरू नसतं. फोन वाजला. उचलला तर आधी कुणीतरी श्वास घेतला, बोलायच्या आधी ओठ उघडून घेतात तसा, बारीक. आन् मग, ‘नमस्कार. मी उज्वला यांच्याशी बोलतेय का?’

दिपाली होती.

माझी दिपाली, जिला मागल्या वर्सी माघात आम्ही नांदेडहून घरी आणलं ते पांढऱ्या कपड्यात. तीच. तो श्वास तिचा. ‘का’वर आवाज वर नेऊन तिथंच सोडायची खोड तिची, शाळेत बाई चिडवायच्या त्याच्यावरून. मी भिंतीला धरून उभी राहिले. ती बोलत राहिली, हप्ता थकलाय, भरणा कधी करणार. आन् ठेवून दिला.

आज परत आला. माझंच डोकं फिरलं का ते बघावं म्हणून मी स्पीकर लावला आन् गौरम्मापुढं धरला. गौरम्मा पीठ चाळत होती. ‘आपला हप्ता थकीत आहे. आपण भरणा कधी करणार?’ तिच्या हातातली चाळणी तिथंच थांबली. पिठाचे हात तसेच कानावर ठिवले तिनं. ‘ब्याड अक्का, ब्याड,’ म्हणली, ‘नको, ठिव तो फोन, ठिव.’ भ्याली की ती अशी कानडीवर जाते.

म्हणजे माझं डोकं फिरलं न्हाई. हे बरं झालं का वाईट, मला कळंना.

२१ जून, शनिवार

मॅडमला सांगितलं. वाटलं, म्हणतील डॉक्टरला दाखवा. त्यांनी चष्मा काढला आन् विचारलं, ‘दिपालीनं कधी आवाज रेकॉर्ड करून दिला होता का कोणाला?’

दिला होता. बारावीनंतरच्या सुट्टीत. कुठलीशी कंपनी मोबाईलवर वाक्यं पाठवायची, ती वाचून द्यायची, वाक्यामागं काहीबाही पैसे. बाहेर भांड्यांचा दणदणाट, म्हणून ती कोठीत बसायची, तांदळाच्या कट्ट्यांच्या, म्हणजे पोत्यांच्या मधी, दार लावून. आतून ऐकू यायचं, ‘कृपया आपला क्रमांक सांगा. आज हवामान कोरडे राहील.’ मी आन् गौरम्मा हसून बेजार. आमच्या घरात असली पुणेरी मराठी कोण बोलणार, सांगा! घामानं भिजून बाहेर यायची आन् म्हणायची, ‘आई, कसं वाटलं?’ मी म्हणायची, बातम्या देणारी वाटतीस, आता भाजी निवड.

मॅडम म्हणल्या, कंपन्या असे आवाज विकत घेतात. मग मशीन त्या आवाजात वाट्टेल ते बोलतं, माणूस लागतच नाही. ‘ताई, ती दिपाली नाही.’

म्हणलं, मला कळतंय की. मी काय येडी हाय का?

‘ह्याच्यावर आपण वेगळी तक्रार करू. ॲपचं नाव सांगा. तो आवाज बंद करून घेते मी.’

नाव माझ्या जिभेवर होतं. मी म्हणलं, ध्यानात न्हाई, घरी बघून सांगते.

२७ जून

ही वही आता मॅडमला द्यायची न्हाई. त्यांच्यासाठी दुसरी केली, त्यात शिव्या लिहिते.

फोन घिऊन मी आता कोठीत बसते. दार लावते. आत अंधार असतो, गव्हाचा वास असतो. बाहेर ऐकलं तर तो फोनमधला आवाज वाटतो. कोठीत ऐकलं की शेजारच्या कट्ट्यावर बसून कुणी बोलल्यावानी वाटतो.

कशाला काय म्हणती ते आता मला कळून राहिलं. ‘उद्या भरते’ म्हणलं की, ‘धन्यवाद, आपला दिवस चांगला जावो’ म्हणून लगेच ठेवती. म्हणून उद्या म्हणायचं न्हाई. ‘जेवलीस का?’ म्हणलं की, ‘माफ करा, मला समजलं नाही.’ हे बी खरंच हाय, जेवणाचं विचारलं की ती असंच टाळायची. सगळ्यात चांगलं म्हणजे गप बसायचं. जरा वेळ काहीच न्हाई. मग तो श्वास, आन् ‘ऐकताय ना?’ परत गप बसायचं. परत श्वास. ‘ऐकताय ना?’

ऐकून राहिले गं बाई. ऐकूनच राहिले.

आज एक नवल झालं. ‘मी उज्वला यांच्याशी बोलतेय का?’ म्हणली. आईला नावानं काय हाक मारती, म्हणून मला जरा राग आला. म्हणलं, न्हाई. तर म्हणली, ‘मग मी कोणाशी बोलतेय?’ माझ्या तोंडातून निघून गेलं, आई. जरा थांबली. मग म्हणली, ‘ठीक आहे, आई. उज्वला यांना निरोप द्याल का?’

ठीक आहे, आई.

कट्ट्यावर कपाळ टेकून मी बसून राहिले. गौरम्मानं दार वाजवलं तवा चहाची वेळ टळून गेली होती. पोरी बाहेर ताटल्या वाजवत होत्या.

४ जुलै

अर्जावर सह्या झाल्या. मॅडमनी एकेक नाव वाचून दाखवलं, मी हो हो म्हणत गेले. ‘अजून कोणी?’ म्हणलं, न्हाई. ‘तो आवाजवाला ॲप?’ म्हणलं, तुम्ही लिहिलेल्यातलाच एक हाय तो. मॅडमनी माझ्याकडं बघितलं. पण बाहेर बाया बसल्या होत्या, एकीचं लेकरू रडत होतं, मॅडमनी पान उलटलं.

तेवढ्या एकाचं देणं लई लहान हाय. एवढ्या मोठ्या कोर्टाला त्याचं काय पडलंय? आन् मी काही पैसे बुडवायला लपवलं न्हाई. उलट मला तर ते देणं राहू द्यायचं हाय.

२२ जुलै, मंगळवार

कोर्टानं तात्पुरता आदेश दिला. मॅडमनी सगळ्यांना कळवलं. गटाची बाई भाजीबाजारात दिसली तर मान खाली घालून पलीकडून गेली. सावकार गल्लीतून जातो पण दाराकडं बघत न्हाई. खारट पोराचा फोन बंद. घर असं शांत झालं की नळ गळतो ते ऐकू येतं. गौरम्मानं देवापुढं नारळ फोडलं, दोघींनी खोबरं खाल्लं.

आता माझ्याकडं कुणी येत न्हाई. दुपारी तेवढी ती येते.

६ ऑगस्ट

दिपाली रुसून राहिली.

‘आपण वारंवार आश्वासन देऊनही भरणा केलेला नाही. ही गंभीर बाब आहे.’ आवाज तोच, पण माया न्हाई. आधी तो श्वास बी घेईना. मी गप बसले तर ‘ऐकताय ना’ म्हणायच्या जागी, ‘आपले मौन नोंदवले जात आहे.’ असं कोण बोलतं का आईशी? दोन-तीन दिवस असंच चाललं. शेवटी थोडे पैसे टाकले. दुसऱ्या दिवशी बघा, पहिल्यासारखी गोड! ‘धन्यवाद, आई. आपण जबाबदार ग्राहक आहात.’ तिकडं त्यांनी माझं नावच बदललं वाटतं. आता उज्वला विचारतच न्हाई. ‘नमस्कार. मी आई यांच्याशी बोलतेय का?’ म्हणती.

मॅडमनी बजावलं होतं, अर्ज लागल्यावर एकाला द्यायचं आन् दुसऱ्याला न्हाई, असं चालत न्हाई. पण हे काय देणं हाय का? पोरीला खाऊला देतो तसं हे. आन् सगळं फेडायचं बी न्हाई. फेडलं की खातं बंद. खातं बंद झालं तर ती फोन कशाला करंल? थोडं टाकायचं, थोडं राखायचं, भाकरीपुरतं पीठ राखतो तसं.

९ ऑगस्ट

राखी. भागवतचा, माझ्या भावाचा, मुदखेडहून दोनदा फोन. ‘ये की गं आक्का, किती दिवस झाले.’ न्हाई गेले. गाडीत असताना दुपारचा फोन आला असता तर गर्दीत काय ऐकू आलं असतं? त्याला म्हणलं, पाय दुखतो.

२० ऑगस्ट, बुधवार

गौरम्माशी भांडण झालं. तिचा पगार परत चुकला. म्हणली, ‘अक्का, कोर्टानं वसुली बंद केली म्हणलीस. मग पैसा जातो कुठं?’ मी म्हणलं, भाज्या काय फुकट येतात का? तिनं हातातलं लाटणं खाली ठिवलं. उठली आन् कोठीचं दार उघडलं.

आत कट्ट्यावर ताट झाकून ठिवलेलं होतं. वरण-भात, शेंगदाण्याची चटणी, वरून तेल. कालचं होतं, मी काढायला इसरले.

गौरम्मा ताटाकडं बघत राहिली. मग हळूच विचारलं, ‘जेवती का?’ थट्टेनं न्हाई. खरंच विचारलं.

म्हणलं, न्हाई.

‘मग काऊन बोलावतीस तिला? लेकरू उपाशी येतंय आन् उपाशी जातंय.’

मला इतका संताप आला! म्हणलं, तुझं काय जातं? माझं घर, माझी कोठी, माझी पोरगी. तू पोळ्या लाट. हे मी बोलायला नको होतं. दिपाली लहान होती तवा माझ्या आधी गौरम्माच्या मांडीवर झोपायची. तिनं पिशवी भरली आन् उदगीरच्या गाडीला गेली. जाताना म्हणली, ‘बोलावशील तवा येते अक्का. पण आधी ते दार उघडं ठिव.’

२ सप्टेंबर

एकटीनं पोळ्या होईनात. आज पोरींना भातच वाढला. कुरकुर केली त्यांनी, करणारच.

दुपारी कोठीत बसले होते. ती लई बोलली आज. तब्येतीचं विचारलं, पाऊसपाण्याचं बोलली. बाहेर आले तर एक पोरगी दारात उभी, डबा घ्यायला आलेली. ‘मावशी, आत कुणाशी बोलत होता?’ म्हणलं, फोनवर बोलत होते. ती म्हणली, ‘मावशी, तुमचा फोन तर इथं चार्जिंगला आहे.’

असंल. मी काही बघितलं न्हाई.

११ सप्टेंबर, गुरुवार

कोर्टात तारीख होती. साहेबांसमोर नुसती पुढची तारीख घेतली. पुढच्या वेळी मला शपथेवर विचारणार हायत. पण लिहायचं ते वेगळंच हाय.

बाहेर बाकड्यावर एक बाई बसली होती. रहमतबी नाव, उदगीरला बांगड्यांचं लहान दुकान हाय. पंचशीला मॅडमकडंच आलेली, माझ्यासारखीच नादारीसाठी, पण तिचा अर्ज अजून लागला न्हाई. चांगली बाई. माझ्या हाताकडं बघून म्हणली, ‘दीदी, रिकामे हात चांगले न्हाई दिसत. उदगीरला आलात तर या, काचेच्या भरते.’ आम्ही दोघी चकल्या खात बसलो होतो. तेवढ्यात तिचा फोन वाजला.

रहमतबीनं बघितलं आन् तिच्या तोंडचं पाणीच पळालं. ‘या अल्ला, आली.’ म्हणली, न्हाई उचलला तर माझ्या दीराला लावती, दुकानावाल्या शेजाऱ्याला लावती. उचलला आन् तापल्या तव्यावानी कानापासून लांब धरला.

मला तो श्वास ऐकू आला.

‘रहमतबी, ही आपल्याला शेवटची सूचना आहे. भरणा न केल्यास आमचे प्रतिनिधी आपल्या घरी येतील. आपल्या शेजाऱ्यांना आणि नातेवाइकांना आपण कर्जबुडव्या असल्याचे कळवण्यात येईल. ऐकताय ना?’

माझी पोरगी. मांजरीला सुद्धा ‘अगं, सरक बाई’ म्हणायची ती.

रहमतबी बाकड्यावरून उभीच राहिली. ‘हाव बेटा, भरती, भरती, थोडा वक्त द्या,’ असं म्हणत होती. फोन ठेवून तिनं पदर तोंडात कोंबला आन् रडली. मग माझ्याकडं वळून म्हणली, ‘ही आवाज आली की माझे हातपाय गळतात, दीदी. सपनात बी हीच येती. चुडैल हाय. दुनिया मरती, ही मुई मरत बी न्हाई.’

माझं रक्तच उसळलं. तिच्या तोंडावर एक हाणावी वाटली. माझी मेली गं बाई, असं वरडावं वाटलं. गळ्यापर्यंत आलं आन् निघालंच न्हाई. दीड वर्स झालं, ते वाक्य मी कधी बोललेच न्हाई. गेली म्हणते, राहिली न्हाई म्हणते. हे न्हाई म्हणलं कधी.

मी तिला पाणी दिलं. तिनं ते पिऊन माझ्या खांद्यावर डोकं ठिवलं, आन् मी तिच्या पाठीवरून हात फिरवत बसले.

१२ सप्टेंबर

लातुरात म्हणू नका, उदगीरात म्हणू नका, आणखी कुठं कुठं, किती घरात माझी पोरगी आज फोन करत असंल. बाया पदर तोंडात कोंबत असतील. त्या लोकांनी तिला ह्या कामाला लावलं, आन् मी? मी माझ्यापुरतं गोड बोलावं म्हणून त्यांना पैसे मोजत होते. गौरम्माच्या पगारातले.

दुपारी तिचा फोन वाजला. उचलला न्हाई. वाजून वाजून थांबला. मग मी चप्पल घातली आन् मॅडमकडं गेले.

सगळं सांगितलं. नाव लपवलेलं, पैसे टाकलेले, ताटाचं बी सांगितलं. मॅडम अशा चिडल्या की बाहेरचा शिपाई डोकावला. ‘उज्वलाताई, अर्ज फेटाळला तर काय होईल कळतंय का? मेस जाईल. सगळे परत दारात येतील. मी तर ते विसरूनही गेले होते, मग आता का सांगताय?’

म्हणलं, ‘माझ्या पोरीला लोक भिऊन राहिले, मॅडम.’

त्यांनी खिडकीकडं बघितलं. चष्मा पुसला. मग कॉम्प्युटर पुढं ओढून म्हणल्या, ‘दुरुस्तीचा अर्ज देऊ. साहेब विचारतील. रडायचं नाही, खरं सांगायचं. आणि तो आवाज बंद करायची तक्रार आजच लिहू. आई म्हणून सही तुमची लागेल.’

आई म्हणून सही केली.

२३ सप्टेंबर, मंगळवार

शपथ घातली. बँकेचा वकील उठून म्हणला, ही बाई कोर्टाला फसवून राहिली, अर्ज आजच्या आज फेटाळा. मॅडम बोलल्या. मग साहेबांनी हात वर केला आन् मलाच विचारलं.

‘हा धनको तुम्ही लपवला?’

‘हो साहेब.’

‘आणि अर्ज केल्यानंतरही फक्त ह्यालाच पैसे देत राहिलात?’

‘हो साहेब.’

‘का?’

मी ठरवून गेले होते बरंच. मॅडमनी शिकवलं होतं बी. सगळं इसरले. म्हणलं, ‘साहेब, ती मला आई म्हणायची.’

टाइप करणारा पोरगा थांबला. साहेबांनी मॅडमकडं बघितलं, मॅडमनी तक्रारीचा कागद पुढं केला. साहेब लई वेळ वाचत होते. बँकेचा वकील उभाच होता, मग तो बी बसला. आदेश पुढच्या तारखेला म्हणले. जिना उतरताना मॅडमनी दंडाला धरलं.

८ ऑक्टोबर

अर्ज राहिला! साहेबांनी ताकीद दिली, चांगली खरमरीत, मॅडमनी ती मला सोप्या मराठीत परत ऐकवली. पण फेटाळला न्हाई. मला नादार म्हणून जाहीर केलं. लोक ह्या शब्दाला भितात, मला तर पेढे वाटावे वाटले. पातेली वाचली, शेगडी वाचली. मिळकतीतनं थोडं थोडं कोर्टात भरायचं, ते सगळ्यांना सारखं वाटून जाईल. त्या ॲपला बी यादीत घातलं, आन् माझ्या नंबरावर त्यांनी फोन करायचा न्हाई असा हुकूम झाला. आवाजाची तक्रार चालू हाय. रहमतबीचा अर्ज बी लागला.

गौरम्माला फोन केला, दार उघडं हाय म्हणलं. संध्याकाळच्या गाडीनं आली. आल्या आल्या कोठीत गेली, झाडू मारला, उदबत्ती लावली. मी बी मागून गेले. आत नुसते कट्टे हायत. गव्हाचा वास हाय. उभी राहिले, ऐकलं. काहीच न्हाई.

लई रडले आज.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

दिपालीचा फोन मी चालू ठिवलाय, हे कुणाला सांगितलं नव्हतं. तिच्या कपाटात असतो, तिच्या ओढणीत गुंडाळून. रिचार्ज मारते. बंद झाला तर नंबर दुसऱ्याला देऊन टाकतात म्हणे.

आज दुपारी तो वाजला.

गौरम्मा आन् मी कणीक मळत होतो. दोघींनी एकमेकींकडं बघितलं. कपाट उघडलं, ओढणी सोडली. ॲपवर कर्ज घेताना जवळच्या माणसाचा नंबर मागतात. तवा माझ्या जवळ तीच होती, दवाखान्यातल्या पलंगावर, तिचाच दिला होता. कोर्टानं माझ्या नंबरावर बंदी घातली. ह्या नंबराचं कुणाच्या ध्यानातच आलं न्हाई.

कणकेच्या हातानं उचलला. आधी श्वास. मग, ‘नमस्कार. मी दिपाली यांच्याशी बोलतेय का?’

दिपालीच दिपालीला विचारून राहिली.

काय म्हणलं की काय व्हतं, हे मला आता पाठ हाय. नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. हो म्हणलं असतं तर ती रोज आली असती, ह्या फोनवर. ना कोर्टाला कळलं असतं, ना मॅडमला. गौरम्मा दाराशी उभी होती. ती सुद्धा काही बोलली नसती, मला ठाऊक हाय.

‘ऐकताय ना?’

म्हणलं, दिपाली न्हाई हितं.

‘ठीक आहे. दिपाली कधी उपलब्ध होतील?’

म्हणलं, न्हाई होणार आता.

‘माफ करा, मला समजलं नाही. दिपाली कधी उपलब्ध होतील?’

म्हणलं, ‘दिपाली मेली, बाळा.’

काहीच न्हाई. एवढी ती कधी थांबली नव्हती. मी फोन कानाला गच्च धरून उभी. मग म्हणली, ‘ठीक आहे. नोंद केली आहे. हा क्रमांक यादीतून काढण्यात येईल. आपला दिवस चांगला जावो.’

मी फोन खाली ठिवला. त्याला कणीक लागली होती, ती पुसली.

गौरम्मानं विचारलं, ‘कुणाचा होता?’

म्हणलं, ‘दिपालीचा.’

‘काय म्हणली?’

‘विचारत होती, दिपाली कुठं हाय. तिला कुणी सांगितलंच नव्हतं गं. मी सांगितलं.’